हरलेल्या टीमलाही उद्या मॅच असते

आमच्या क्लबच्या पोरी इटलीत व्हॉलीबॉल खेळून आल्या तेव्हापासून फोन येतायत, खर्च किती आला, व्हिसा कसा काढला, आईबाप तयार कसे झाले, आणि सगळ्यात जास्त विचारलं जातं ते म्हणजे सर्टिफिकेटला मार्क मिळणार काय. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. मी टीमबरोबर मॅनेजर म्हणून गेले होते, मुलींची टीम बाहेर न्यायची तर सोबत बाई पाहिजेच, आणि माझी धाकटी टीमची लिबेरो आहे, म्हणजे मागं राहून फक्त बॉल उचलणारी.

मार्कांचं आधी सांगून टाकते, नाही मिळत. ही इन्व्हिटेशन स्पर्धा आहे, १६ वर्षांखालच्या मुलींची, उत्तर इटलीत व्हेनिसपासून गाडीनं तासाभरावरच्या एका गावात ईस्टरच्या सुट्टीत भरते, वेगवेगळ्या देशांतले क्लब आपापल्या खर्चानं येतात. दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण हे शालेय आणि मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धांना असतं, क्लब स्वतः जाऊन खेळून आला तर त्याचा कागद तिथं लागत नाही. त्यामुळं मार्कांसाठी कुणी दीड-पावणेदोन लाख घालायचा विचार करत असेल तर घालू नका. खेळ सुधारायला जायचं असेल तर मात्र जरूर जा, आणि का ते खाली लिहिलंय.

त्याआधी अजून एक. इटलीचं ठरायच्या आधी आम्हाला एकाचा फोन आला होता, शेजारच्या देशात 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धा आहे, माणशी इतके भरा, पाठीवर 'इंडिया' लिहिलेली जर्सी मिळेल, मेडल नक्की. आमच्या कोच सरांनी एकच विचारलं, गेल्या वर्षी कुठल्या कुठल्या देशाच्या टीम होत्या आणि रिझल्ट कुठं बघायला मिळतील, त्यावर समोरचा परत परत जर्सीचंच सांगत राहिला. सरांनी फोन ठेवला. नेपाळचं नाव घेऊन असलं पुष्कळ चालतं म्हणून तिकडच्या खेळाला कमी समजू नका, व्हॉलीबॉल २०१७ पासून नेपाळचा राष्ट्रीय खेळ आहे आणि तिथल्या पोरी चांगल्या खेळतात. मुद्दा पैसे मागणाऱ्याचा आहे. कुठलीही स्पर्धा असो, मागच्या वर्षीचा ड्रॉ, निकाल, यजमान क्लब कोण हे सगळं आधी बघा, आणि 'इंडिया'ची जर्सी कुणी विकत देत असेल तर तिथंच थांबा, ती सिलेक्शनमधून मिळते. आमच्या जर्सीवर कोल्हापूर होतं, मराठीत, आणि पोरींना त्याचाच अभिमान होता.

आता कागदपत्रं. खरं सांगायचं तर यात जेवढा जीव गेला तेवढा प्रॅक्टिसमध्ये पण गेला नाही. पासपोर्टचं काम आता कोल्हापुरात पोस्टातल्या केंद्रात होतं, पुण्याला पळावं लागत नाही ही मोठी सोय आहे. १८ च्या आतल्यांचा पासपोर्ट ५ वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल ते, फी १००० रुपये. पण पोरगी १५ च्या पुढं असेल तर १५०० भरून १० वर्षांचा काढता येतो, आम्ही मोठ्या मुलींचा तोच काढला, नाहीतर तीन वर्षांत परत तीच रांग. आईबाप दोघांची सही असलेलं ॲनेक्शर डी लागतं. आणि इथंच आमच्या एका ब्लॉकरचं, म्हणजे नेटवर बॉल अडवणारीचं, अडलं. तिचे वडील कितीतरी वर्षांपूर्वी घर सोडून गेलेत, जिवंत आहेत, पत्ता नाही. तिची आई कापडाच्या पिशवीत घरातले होते नव्हते तेवढे सगळे कागद घेऊन आली, लाईटबिल, रेशनकार्ड, पोरीच्या पहिलीपासूनच्या मार्कलिस्टा, आणि काउंटरवर एकेक काढून ठेवायला लागली, "साहेब, सही करायला माणूसच न्हाई ओ, मग पोरीनं काय घरातच बसायचं काय?" तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की अशा वेळी ॲनेक्शर सी असतं, एकाच पालकानं द्यायचं डिक्लरेशन, दुसऱ्याची संमती का नाही ते त्यात लिहायचं. झालं काम. आपल्याकडं अशा आया खूप आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं, नवऱ्याची सही नाही म्हणून फॉर्मच भरायचं सोडू नका.

दुसरी भानगड जन्मदाखल्याची. पासपोर्टला जुन्या मुलींना इतर पुरावे चालतात, १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांनाच जन्मदाखला सक्तीचा आहे, पण व्हिसाला १८ च्या आतल्या मुलीचे आईबाप कोण हे दाखवायला दाखला लागतोच. आमच्या सगळ्यात लहान पोरीच्या दाखल्यावर नावाच्या जागी नुसती रेघ होती, बारशाच्या आधी नोंद झाली आणि नंतर कुणी नाव घातलंच नाही. नोंद झाल्यापासून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं, तिची १५ पूर्ण व्हायला थोडेच दिवस राहिले होते. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सुट्टीच्या दिवशी येऊन रजिस्टर काढून दिलं, त्यांचे उपकार आहेत. तुमच्या घरात पोरगी खेळत असेल तर आज रात्री तिचा दाखला काढून बघा, आईचं नाव, बापाचं नाव, स्पेलिंग, सगळं आधारशी जुळतंय का.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो. फी ९० युरो, सेंटरचा चार्ज वेगळा, ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स, परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने पासपोर्ट चालू पाहिजे, आणि १२ वर्षांवरच्या प्रत्येकीला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, त्यामुळं सगळी टीम महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला. तिथं आमच्या लिफ्टरचे, म्हणजे मारणाऱ्या पोरींना बोटांनी बॉल उचलून देणारीचे, ठसे येईनात. तिच्या घरचा ऊस तुटत होता, आदल्या आठवड्यात वाडं बांधायला तीच होती, पाल्यानं बोटांची टोकं सगळी चिरलेली. काचेवर बोट ठेवलं की मशीन लाल दाखवायचं. काउंटरवरच्या मुलीनं तिला ओला टिश्यू दिला, बोट पुसून दाब म्हणाली, परत लाल, परत पुसलं, असं बऱ्याच वेळानं एकेक बोट हिरवं होत गेलं. पोरगी रडकुंडीला आली होती. जिच्या बोटांवर आख्खी टीम चालते तिचीच बोटं चालेनात, माझ्या पोटात गोळा आला होता. घरी शेती असेल तर ठशांच्या आधी पंधरा दिवस पोरीला रानात पाठवू नका, हातांना तेल लावा, एवढं साधं आहे पण कुणी सांगत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. काहींच्या घरी दूध संस्थेकडनं दुधाच्या दराचा फरक आला होता तो त्यांनी दिवाळीपासून तसाच ठेवला, गावातल्या तालमीनं आणि गणेश मंडळानं वर्गणी दिली, कारखान्याकडनं थोडी मदत, राहिलेलं सगळ्यांनी वाटून घेतलं. कुणाचं कमी पडलं ते कुणाला कळू दिलं नाही. खाऊचं म्हणाल तर मटणाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे, पेढे-बर्फी घरीच ठेवा, भडंग आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर न्या.

आता खेळाकडं येते. आमचं ग्राउंड लाल मातीचं, दोन हॅलोजन, संध्याकाळी एका बाजूला गावातले मोठे लोक शूटिंगबॉल खेळतात आणि दुसऱ्या बाजूला आमच्या पोरी. जायच्या आधी सरांनी एक हॉल भाड्यानं घेऊन पोरींना गुळगुळीत फ्लोअरवर खेळवलं आणि मिकासाचे चांगले बॉल आणले, ते पिवळे-निळे, व्ही २०० डब्ल्यू, मोठ्या स्पर्धांना तेच असतात. पोरी म्हणायच्या सर बॉल हलका आहे. वजन तेच असतं, २६० ते २८० ग्रॅम, पण हात लागला की फरक कळतो.

पहिली मॅच स्लोव्हेनियाच्या क्लबशी, पहिला सेट २५-८. त्यांची मधली ब्लॉकर सहा फुटाच्या वर, नेटजवळ नुसती हात वर करून उभी राहायची, नेटची उंची तीच २.२४ मीटर जी आपल्याकडं आहे. मॅच बघणाऱ्या आमच्याकडच्या सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर एकच सांगितलं, उंचीपुढं काय चालणार. मी स्कोअरशीट घेऊन बसले होते, आणि माझ्यासमोरच्या कागदावर वेगळंच दिसत होतं. ब्लॉकवर आमचे थोडेच पॉइंट गेले होते. बाकी सगळे सर्व्हिसवर, बॉल वर उचलायच्याच आधी. त्या पोरी फ्लोटर मारत होत्या, म्हणजे बॉलला गिरकी न देता तळहातानं थापटल्यासारखा मारायचा, गिरकी नसली की हवा बॉलच्या दोन्ही बाजूंनी सारखी वाहत नाही आणि बॉल येता येता हलतो, मध्येच खाली पडतो. माझी पोरगी टाइमआउटला येऊन सरांना म्हणाली, "सर बॉल हलतोय ओ, मी इकडं जातो तर त्यो तिकडंच पडालाय." सर म्हणाले पाय हलव. पाय हलवून पण होत नव्हतं.

दुसरी मॅच पण तशीच गेली. आणि मग जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहितेय. मॅच संपल्यावर यजमान क्लबच्या एक कोच बाई, पिकलेले केस, गळ्यात शिट्टी, बॉल घेऊन आमच्याकडं आल्या. इंग्रजी त्यांना पण थोडंच, आम्हाला पण थोडंच. त्यांनी लिबेरोला हाताला धरून मागच्या रेषेपासून पुढं आणून उभं केलं, पलीकडनं स्वतःच्या एका पोरीला फ्लोटर मारायला लावला, आणि दोन्ही हात कपाळाच्या वर नेऊन बोटांनी बॉल घेऊन दाखवला. फिंगरनं! सर्व्हिस फिंगरनं! माझी पोरगी आधी सरांकडंच बघायला लागली, कारण आपल्याकडं सर्व्हिस बोटांनी घेतली की पंच डबल म्हणून शिट्टी मारतात, लहानपणापासून पोरींना सर्व्हिस म्हटलं की अंडरआर्म एवढंच शिकवलेलं. पण नियम तसा नाहीये. टीमच्या पहिल्या टचला, एकाच ॲक्शनमध्ये असेल तर, बॉल हाताला दोनदा लागला तरी डबल होत नाही, फक्त बॉल पकडून फेकायचा नाही. फ्लोटर खाली पडायच्या आधीच पुढं येऊन डोक्यावर घेतला की तो हलायला वेळच मिळत नाही. बाईंनी अजून एक दाखवलं, नजर बॉलवर न ठेवता सर्व्हिस मारणारीच्या खांद्यावर ठेवायची, आणि तिचा हात बॉलला लागतो त्या क्षणी आपले दोन्ही पाय जमिनीवर स्थिर पाहिजेत, मग कुठल्याही बाजूला सुटता येतं. माझी पोरगी आधीच धावायला लागायची म्हणून उलट्या पायावर सापडायची. बाई तिच्या बुटाच्या टोकांवर स्वतःचे पाय ठेवून उभ्या राहिल्या आणि पलीकडनं सर्व्हिस सुटली की पाय काढून घ्यायच्या. परत परत. बाकीच्या पोरी भिंतीला टेकून बघत होत्या, मग एकेक करून त्या पण उठून रांगेत आल्या.

त्या हॉलच्या दारात कोनेलियानो क्लबचं पोस्टर होतं. तो क्लब तिथून जवळच, २०२४ ला क्लब वर्ल्ड चॅम्पियन झालेला, आणि त्यांची लिबेरो मोनिका दे जेन्नारो, पॅरिस ऑलिंपिकला ११ ऑगस्ट २०२४ ला इटलीच्या पोरींनी अमेरिकेला ३-० हरवून गोल्ड घेतलं त्या टीमची लिबेरो. १७४ सेंटिमीटर उंची, त्याच टीमच्या उंच ॲटॅकर पाओला एगोनुसारख्यांच्या शेजारी उभी केली तर बुटकीच दिसते. बाईंनी त्या पोस्टरवर बोट ठेवलं आणि मग माझ्या पोरीच्या खांद्यावर. त्याचं भाषांतर कुणाला लागलं नाही. रात्री खोलीत सगळ्या जणी मोबाईलवर तिचेच व्हिडिओ बघत होत्या, फक्त पाय बघायचे असं ठरवून.

आता तुम्ही म्हणाल दोन मॅच हरल्यावर पुढं काय, सामान बांधायचं. तिथं तसं नसतं. ग्रुपमध्ये शेवटच्या आलेल्या टीमचा परत ग्रुप होतो, त्यातनं परत क्रमवारीच्या मॅच, शेवटच्या नंबरसाठी पण शेवटच्या दिवशी मॅच होते, पंच असतात, स्कोअरबोर्ड असतो, बघायला माणसं असतात. आपल्याकडं जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीनं. चंदगड-आजऱ्याकडच्या पोरी पहाटेच्या एसटीनं निघतात, एक मॅच हरतात, पाऊण तासात खेळ संपतो आणि परतीच्या गाडीची वाट बघत ग्राउंडच्या कडेला डबा खातात. त्यांचं वर्ष तिथं संपलं. ज्या टीमला सगळ्यात जास्त मॅच पाहिजेत तिलाच सगळ्यात कमी मिळतात, हे मला इतकी वर्षं ग्राउंडवर बसून कधी एवढं स्पष्ट दिसलं नव्हतं. तिथं दुपारी शिकलेलं पोरींना दुसऱ्या दिवशी सकाळी लगेच मॅचमध्ये वापरायला मिळालं, म्हणून ते अंगात उतरलं.

दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियाच्या टीमशी मॅच. पहिली सर्व्हिस आली, माझी पोरगी दोन पावलं पुढं आली, बोटांनी घेतला, बॉल सरळ लिफ्टरच्या डोक्यावर, तिनं चार नंबरला, म्हणजे नेटच्या डाव्या कोपऱ्याला, ठेवला आणि आमच्या ब्लॉकरनं, तीच ती ॲनेक्शर सीवाली, मोकळ्या नेटवर मारला. पंचांनी हात आमच्याकडं केला, शिट्टी डबलची नाही पॉइंटची. पोरी एवढ्या ओरडल्या की पलीकडच्या कोर्टवरची मॅच क्षणभर थांबली. तो सेट आम्ही २५-२२ घेतला, पुढचा गेला, तिसरा १५ चा असतो तो १५-१३ नं गेला. हरलो, पण लिफ्टरपर्यंत बॉल जायला लागल्यावर उंची कुणाला आठवली पण नाही. शेवटच्या दोन मॅच जिंकलो आणि शेवटून तिसरा नंबर आला. गावात कुणी विचारलं तर पोरी तो नंबर बिनधास्त सांगतात, कुठं कुठं कसा सेट गेला ते पण सांगतात.

बाकी जेवणाचं मजेत झालं, पास्ता आणि टोमॅटोचा रस्सा रोज, शाकाहारी पोरींची अडचण आली नाही, चटणी घालून खाल्लं. पंचांच्या मदतीला, फ्लॅग आणि स्कोअरला, मॅच नसलेल्या टीमच्या मुलीच बसतात, आमच्या पोरींनी पण केलं, त्यानं नियम जेवढे पाठ झाले तेवढे पुस्तक वाचून झाले नसते. परतताना बस निघायच्या वेळेला त्या कोच बाई आल्या, पोरींनी त्यांना कोल्हापुरी चप्पल दिली, साईज अंदाजानं आणलेली ती बरोबर बसली.

आल्यावर सरांनी आणि आम्ही चार आयांनी मिळून रविवारची साखळी सुरू केलीय. आजूबाजूच्या गावांतल्या पाच टीम, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, हरलं तरी पुढच्या रविवारी यायचंच. पहिल्या रविवारी पंचांशी वाद झाला, पोरीनं सर्व्हिस फिंगरनं घेतली आणि शिट्टी वाजली, सरांनी नियमपुस्तक काढून दाखवलं, पंच चांगले माणूस, त्यांनी वाचलं आणि पॉइंट परत खेळवला. आता प्रत्येक मॅचच्या आधी हा नियम दोन्ही टीमला वाचून दाखवतो, बाकीच्या गावांतल्या पोरी पण बोटांनी घ्यायला लागल्यात. शाळेच्या स्पर्धांना पण निदान हरलेल्या टीमची एक तरी जास्त मॅच लावा म्हणून अर्ज लिहिलाय, क्रीडा शिक्षकांच्या सह्या गोळा करणं चालू आहे, तुमच्या शाळेतले सर किंवा मॅडम सही करणार असतील तर मला कळवा.

आणि अजून एक गरज आहे. नेटला लावायचे अँटेना आमच्याकडं एकच जोडी आहे, ते लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे १.८० मीटरचे, आणि रविवारी दोन कोर्ट लागतात. दुसऱ्या कोर्टवर सध्या काठीला रंग देऊन बांधलीय, बॉल लागला की वाकते. कुणाच्या शाळेत, कॉलेजात जुनी जोडी पडून असेल तर सांगा, मी स्वतः येऊन घेऊन जाते.